मिटलेल्या दुकानांवरचे पक्षी

भिंतीवरच्या चित्राचे छायाचित्र म्हणजे दुहेरी निवड. चित्रकार भिंत निवडतो, छायाचित्रकार चौकट निवडतो, आणि प्रत्येक निवडीत काही ना काही वगळले जाते. काय वगळले गेले, हे विचारणे समीक्षेचे काम आहे. न्यूयॉर्कमधील हार्लेम आणि त्याच्या उत्तरेकडील वस्तीत भिंतींवर रंगवलेल्या पक्ष्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन आमच्या शहरातील एका कलादालनात भरले होते. सात-आठ विद्यार्थ्यांना घेऊन मी ते पाहून आलो. त्याचा विचार येथे या अंगाने करावयाचा आहे.

प्रथम या चित्रांची हकिकत. २०१४ साली तेथील एक कलादालनचालक आणि नॅशनल ऑड्युबॉन सोसायटी ही पक्षिसंरक्षक संस्था यांनी मिळून हा उपक्रम सुरू केला. हवामान बदलामुळे उत्तर अमेरिकेतील ३१४ जातींचे पक्षी धोक्यात येतील, असे संस्थेने त्या वर्षी जाहीर केले होते. २०१९ मध्ये ही संख्या ३८९ झाली. त्यातील एकेक पक्षी दुकानांच्या शटरवर, इमारतींच्या मोकळ्या बाजूंवर रंगवायचा, अशी ही कल्पना. एका इमारतीवर दुभंगलेल्या शेपटीची प्रचंड घार आहे आणि तिच्या अंगात इतर पक्षी सामावले आहेत. हे काम मोलाचे आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. संग्रहालयाची पायरी जे कधी चढत नाहीत, त्यांच्या रोजच्या वाटेवर चित्र येऊन उभे राहिले. कला अशी रस्त्यावर यावी, ही तर आपलीच मागणी आहे.

पण प्रदर्शनातली छायाचित्रे एकामागून एक पाहताना एक गोष्ट खटकत राहते. या रस्त्यांवर माणूस नाही. कृष्णवर्णीयांची आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्या श्रमिकांची ही गजबजलेली वस्ती. तरी चौकटीत कोणी नाही. कारण साधे आहे. शटरवरचा पक्षी दुकान बंद असतानाच दिसतो. दुकान उघडले की तो गुंडाळला जातो. म्हणजे पक्षी टिपायचा तर माणसांचा व्यवहार थांबलेली वेळ गाठावी लागते. छायाचित्रकाराने ती गाठली आणि वस्ती रिकामी दिसू लागली. खालच्या पाट्यांवर पक्ष्याचे नाव आहे, चित्रकाराचे आहे, रस्त्याचा क्रमांक आहे. दुकान कशाचे आणि कोणाचे, हे मात्र नाही.

दुसरे मौन याहून गंभीर आहे. ज्याच्या नावाने ही संस्था चालते तो जॉन जेम्स ऑड्युबॉन १७८५ मध्ये आजच्या हैतीत जन्मला. बाप उसाच्या मळ्याचा मालक. गुलामांचा व्यापारही करी. ऑड्युबॉनने अमेरिकेतील पक्ष्यांची ४३५ चित्रे १८२७ ते १८३८ या काळात प्रसिद्ध केली. पक्षी मारून, तारांनी उभे करून तो ती काढत असे. त्याने माणसे विकत घेतली, विकली आणि गुलामगिरीच्या निर्मूलनाला विरोध केला. त्याचे अखेरचे घर याच वस्तीत होते आणि त्याची कबरही तेथेच आहे. याच वस्तीतल्या ऑड्युबॉन बॉलरूम या सभागृहात २१ फेब्रुवारी १९६५ रोजी माल्कम एक्स यांची हत्या झाली. एका नावाखाली गुलामांचा मालक आणि गुलामांच्या वंशजांचा नेता असे समोरासमोर येतात, आणि प्रदर्शनातली एकही पाटी त्याबद्दल बोलत नाही! मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय संस्थेने हे नाव कायम ठेवले. तिच्या न्यूयॉर्क शहरातील शाखेने मात्र २०२४ मध्ये ते टाकले. वाद अमेरिकेत उघडपणे चालू असताना येथील भिंतीवर तो का येऊ नये?

एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पाखरांच्या चित्रात हे सगळे कशाला आणायचे?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याला मी ख्रिश्चन कूपर यांची हकिकत सांगितली. हे कृष्णवर्णीय गृहस्थ २५ मे २०२० रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पक्षी पाहत होते. कुत्र्याला साखळी लावा, एवढेच त्यांनी एका गोऱ्या बाईला सांगितले. तिने पोलिसांना फोन करून एक आफ्रिकन-अमेरिकन माणूस धमकावत असल्याचे कळवले. पाखरू पाहणे हे सर्वांसाठी सारखे निरागस नसते. हे सगळे आपण आणत नाही. ते तेथे आधीपासूनच असते.

आणि आपल्याकडे? आमच्या आजाला पक्ष्यांचे शास्त्र ठाऊक नव्हते. गिधाड ठाऊक होते. आकाशात गिधाडे घिरट्या घालू लागली की कोणत्या शिवारात जनावर पडले, ते त्याला कळे. कारण ते ओढून नेण्याचे काम गावाने त्याच्या माथी मारले होते. १९५६ नंतर आमच्या वस्तीने ते काम टाकले. पुढे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे गिधाडेच संपत आली. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आज गिधाड वाचवा म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि ते वाचलेच पाहिजे. पण गिधाडाच्या शेजारी उभे राहून ज्याने कातडे सोलले त्याचे ज्ञान आणि त्याची विटंबना कोणत्या चित्रात आहे? गिधाडाचा इतिहास त्याच्यावाचून पुरा होत नाही.

निसर्गाविषयीची करुणा खोटी आहे, असे मला म्हणायचे नाही. ती माणसाला वळसा घालून जाते तेव्हा अपुरी राहते, एवढेच माझे म्हणणे आहे.

साऱ्या प्रदर्शनात मला एकच छायाचित्र पुरे वाटले. ते कोपऱ्यात, दाराआड लावले होते. त्यात शटर अर्धे वर गेले आहे. पक्ष्याचे डोके गुंडाळले गेले आहे, पाय तेवढे उरले आहेत, आणि खालून शटर उचलणारे दोन काळे हात दिसतात. पक्षी नीट दिसत नाही म्हणून बहुधा ते कोपऱ्यात गेले असावे. विद्यार्थ्यांना मी तेथे सर्वांत जास्त वेळ उभे केले.