महामारी आणि कंड्या

डॅनियल डिफो या इंग्रज ग्रंथकाराचे नाव ‘रॉबिन्सन क्रूसो’च्या योगाने आपल्या सुशिक्षित घरांतून सर्वतोमुखी झालेले आहे. त्याच लेखणीतून १७२२ साली उतरलेला ‘अ जर्नल ऑफ द प्लेग इयर’ हा ग्रंथ मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला, ही खेदाची गोष्ट होय. १६६५ साली लंडन शहरात प्लेगने जो अनर्थ मांडला, त्याचा हा वृत्तांत. आणि तो सांगणारा आहे एच. एफ. ही आद्याक्षरे धारण करणारा एक खोगिरांचा व्यापारी. २०२० सालच्या कोरोनाच्या साथीतून गेलेल्या वाचकास यातील मृत्यूच्या वर्णनांहूनही अधिक विचार करावयास लावील, तो भयभीत लोकांच्या भोळेपणाविषयीचा भाग.

साथीची चाहूल लागताच लंडनच्या रस्त्यांवरील खांब भोंदू वैद्यांच्या जाहिरातींनी भरून जातात. कोणी रामबाण गोळ्या विकतो, कोणी त्रिकोणात मांडलेली मंत्राक्षरे ताईत म्हणून देतो. आणि पुढे तेच ताईत गळ्यात असलेली प्रेते गाड्यांतून वाहून नेली जातात. एका वैद्याने गरिबांस फुकट सल्ला देण्याची जाहिरात लावली. एक गरीब बाई गेली, तेव्हा तिला सल्ला मिळाला तो हा की, माझे औषध विकत घ्यावे! बाई खमकी होती. ती दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्यास ही हकीकत सांगू लागली, तेव्हा वैद्यबुवांनी तिला औषधाची डबी फुकट देऊन वाटेला लावले. डिफोचा विनोद येथे मार्मिक आहे. आणि ती डबीही बहुधा निरुपयोगीच असावी, असे सांगण्यास तो चुकत नाही.

परंतु आमच्या मते या ग्रंथातील सर्वोत्तम स्थळ याहून निराळे आहे. परिचारिका आपल्या मरणोन्मुख रोग्यांच्या तोंडावर ओले फडके दाबून त्यांचा जीव घेतात, अशी कंडी शहरभर पिकली होती. एच. एफ. तिने घाबरून जात नाही आणि ती हसण्यावारीही नेत नाही. त्याच्या ध्यानात येते की, ही गोष्ट जेथे ऐकावी, तेथून ती शहराच्या दुसऱ्या टोकाला घडलेली असते. आणि त्या टोकाला जावे, तर ती पहिल्या टोकाला घडली म्हणून सांगतात. शिवाय तपशील सर्वत्र तोच, ओले फडकेही तेच! यावरून तो ठरवितो की, हीत सत्यापेक्षा कथाच अधिक. मात्र काही परिचारिकांनी चोऱ्या केल्या, हे तो नाकारीत नाही. विवेक म्हणतात तो हाच.

कंडीस थारा कोठे मिळतो, याचेही उत्तर ग्रंथात आहे. ज्या घरात रोगी सापडे, त्यास बाहेरून कुलूप घालून निरोगी माणसांसही आत कोंडीत. साहजिकच लोक रोग लपवू लागले, आणि मृत्युसंख्येच्या साप्ताहिक पत्रकांत प्लेगचे मृत्यू दुसऱ्याच रोगांच्या नावे चढू लागले. त्या वर्षीच्या पत्रकांनी प्लेगचे बळी ६८,५९६ सांगितले, एच. एफ. यांची खात्री आहे की, ते लाखाच्या खाली नव्हते. अधिकृत आकड्यांवरील विश्वास उडाला की ती जागा रिकामी राहत नाही. तेथे कंडी येऊन बसते. आपल्या मुंबईसही याचा अनुभव आहे. १८९६ च्या ऑक्टोबरात, प्लेगच्या रोग्यांस सक्तीने हलविण्याच्या धास्तीने आणि रुग्णालयाविषयीच्या भलभलत्या वार्तांनी खवळलेले गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले होते.

ग्रंथात दोष नाहीत असे नाही. हा प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा वृत्तांत म्हणून जगापुढे आला. वस्तुतः १६६५ साली डिफो जेमतेम पाच वर्षांचा होता. कंड्यांपासून सावध करणाऱ्या ग्रंथाने स्वतःच सोंग घ्यावे, हा विरोध खटकण्याजोगा खरा. तथापि भोंदू वैद्य आपल्या शब्दांची परीक्षा होऊ देत नाही, एच. एफ. मात्र आपण काय पाहिले आणि काय केवळ ऐकले, हे वेगळे सांगून परीक्षेचे साधन वाचकाच्या हाती देतो. म्हणून हा दोष आम्ही क्षम्य मानतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. भोळेपणाचे खापर ग्रंथकार बहुतांशी अडाणी गरिबांच्या माथी फोडतो. २०२० साली, मद्याने कोरोना टळतो अशा समजुतीने इराणात मिथेनॉल पिऊन शेकडो माणसे दगावली. आणि कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, या वार्तेने महाराष्ट्रातील कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडले. अशा वार्ता भ्रमणध्वनीवरून पुढे धाडणाऱ्यांत पदवीधरांचाही भरणा होता, हे आपण सर्वच जाणतो. शिक्षणाने वाचता येते. वाचलेले पारखण्याची सवय निराळी लावावी लागते.

त्या सवयीचा वस्तुपाठ म्हणून हा ग्रंथ घरोघर वाचला जावा, अशी आमची शिफारस आहे. ‘हे नेमके कोठे घडले, आणि तेथे ते कोणी पाहिले?’ एवढे दोन प्रश्न जरी आपल्या मुलांच्या जिभेवर रुळले, तरी वाचनाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.