मुक्त माहिती आणि नावाचा प्रश्न

ग्रंथालये, अभिलेखागारे आणि वस्तुसंग्रहालये यांच्या नोंदी एकमेकींना जोडाव्यात व सर्वांना खुल्या कराव्यात, असा आग्रह धरणारा एक व्यावसायिक वर्ग आज जगभर आहे. २००६ साली टिम बर्नर्स-ली यांनी या जोडणीची सूत्रे मांडली. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे ‘लोडलॅम’ या नावाने या मंडळींची पहिली परिषद भरली. २०१२ मध्ये ‘युरोपियाना’ने दोन कोटींहून अधिक सांस्कृतिक वस्तूंच्या नोंदी विनाअट खुल्या केल्या. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराचीच बंदी होती, ते मोकळ्या ज्ञानाला विरोध कसा करतील? तरीही माझा एक प्रश्न आहे. कोठाराचे कुलूप निघाले. पण आतल्या प्रत्येक वस्तूवर जी चिठ्ठी आहे, ती कोणी लिहिली?

हा प्रश्न हवेतला नाही. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षके असंख्य देशांतील ग्रंथालये वापरतात. त्या यादीत आपल्याविषयीची पुस्तके दीर्घकाळ ‘अनटचेबल्स’ म्हणजे ‘अस्पृश्य’ या शीर्षकाखाली लागत. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली, १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. तालिका मात्र जुनेच नाव उच्चारत राहिली. आज तेथे मुख्य शीर्षक ‘दलित’ आहे. ज्यांनी नावासाठी लाठ्या खाल्ल्या, त्यांना या बदलाचे मोल सांगावे लागत नाही.

२००९ पासून ही शीर्षके जोडलेल्या माहितीच्या रूपात उपलब्ध आहेत. या पद्धतीत प्रत्येक संकल्पनेला एक स्वतंत्र पत्ता असतो आणि नाव त्या पत्त्याला लावलेले असते. त्यामुळे नाव बदलले तरी जोडणी तुटत नाही. एका ठिकाणची दुरुस्ती हजार ठिकाणी पोहोचू शकते. हे या पद्धतीचे खरे बळ आहे. पण एका कचेरीतला पूर्वग्रहही त्याच वाटेने हजार ठिकाणी जातो. शिवाय २००९ च्याच ‘स्कॉस’ या मानकानुसार एका संकल्पनेला एका भाषेत एकच पसंतीचे नाव देता येते. बाकीची पर्यायी ठरतात. संकल्पनांची मांडणीही व्यापक आणि संकुचित, म्हणजे वर आणि खाली, अशी होते. उतरंड भोगलेल्या माणसाला हे शब्द निव्वळ तांत्रिक वाटणार नाहीत. पसंती कोणाची, हे त्याने विचारलेच पाहिजे.

अमेरिकेत ते विचारले गेले. डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये ‘इल्लीगल एलियन्स’ या शीर्षकाला हरकत घेतली. २०१६ मध्ये ग्रंथालयाने बदल जाहीर केला, तेव्हा प्रतिनिधिगृहातील राजकारण आड आले. निर्णयाला २०२१ चा नोव्हेंबर उजाडला. अडथळा यंत्राचा नव्हता, सत्तेचा होता.

खुलेपणालाही संमतीची बाजू आहे. मेन राज्यातील पासामाक्वाडी आदिवासींची गाणी १८९० मध्ये मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित झाली. पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातील त्यांच्या नोंदींवर त्या समाजाने स्वतःच्या भाषेतील शीर्षके आणि वापराविषयीच्या आपल्या सूचना लावल्या. जतन करणारी संस्था हीच मालक नव्हे, हे त्यातून सिद्ध होते. आपल्याकडे तर हा धोका अधिक आहे. लेखकाच्या नोंदीला त्याची जात जोडली, की ती जगभर फिरते. जात सांगायची की नाही, हा त्या माणसाचा अधिकार आहे, तालिकाकाराचा नव्हे.

म्हणून या चळवळीला माझा पाठिंबा आहे, पण सशर्त. आंबेडकरी जलसे, नियतकालिके, आत्मकथने यांच्या नोंदी आपल्या अभ्यासकांनी, ग्रंथपालांनी, विद्यार्थ्यांनी स्वतः कराव्यात. ‘विकिडेटा’वर २०१२ पासून कोणालाही मराठी नाव लिहिता येते, तेथून सुरुवात होऊ शकते. नोंद खुली असणे पुरेसे नाही. ज्याची नोंद आहे, त्याला ती दुरुस्त करण्याचा हक्क असला, तरच तिला मुक्त म्हणता येईल.