‘ओ मेरी मुन्नी’ आणि आमचा आक्षेप

इथे तिकोणा पेठेत शनिवारी रात्री पवनेच्या काठच्या तंबूंतली गाणी घरापर्यंत ऐकू येतात. परवा त्यात ‘हम्मा हम्मा’ लागलं, ‘बॉम्बे’मधलं, १९९५चं. रेमो फर्नांडिस यांचा आवाज. आणि मला माझंच एक जुनं मत आठवलं.

१९९८ साली रेमोंचा ‘ओ मेरी मुन्नी’ हा हिंदी पॉप अल्बम आला. आमच्यासारख्यांनी नाकं मुरडली. गोव्याचा शाहीर बाजारात गेला, असं मी चक्क वर्गात म्हणालो. एका विद्यार्थ्यानं विचारलं, “सर, पूर्ण ऐकलात का?” नव्हता ऐकला.

आक्षेप काय होता? आधीचे रेमो गंभीर, हे उथळ. आता हे तपासू. १९८४चा ‘गोअन क्रेझी’ त्यांनी शिवोलीला घरीच ध्वनिमुद्रित केला, कॅसेटी स्वतः फिरून विकल्या. पण तो काही सुतकी चेहऱ्याचा अल्बम नव्हे! चेष्टा, ठेका, नाचरेपणा, सगळं त्यात होतंच. १९८६चा अल्बम अमली पदार्थांविरुद्धचा, आणि नाव काय, तर ‘पॅक दॅट स्मॅक’. इशारासुद्धा यमकात! म्हणजे उजळपणा नंतर आला, हे आमचं म्हणणं मुळातच चूक. राग नाचत येऊ शकतो, हे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना लवकर पटत नाही.

तरी काहीतरी गेलं होतं, असं मला आजही वाटतं. आडोर्नोनं १९४१च्या लेखात लोकप्रिय संगीतावर ठपका ठेवला, की त्यातला सुटा भाग बदलला तरी गाण्याचं काही बिघडत नाही. आडोर्नो फार कडक माणूस, जॅझलाही त्यानं सोडलं नाही. पण त्याची कसोटी जरा वळवून वापरू. ‘गोअन क्रेझी’तून गोवा काढा, अल्बम कोसळतो. तिथे गाणारा आपल्या गाववाल्यांशी बोलतोय, त्यांना चिमटे काढतोय. मुन्नी मात्र कुठल्याही शहरातली चालते. गेलं ते गांभीर्य नाही. समोरचा ओळखीचा माणूस गेला.

याला दोष म्हणायचं का? इथे मी अडतो. इंग्रजी गाणी ज्यांच्यापर्यंत कधी पोचलीच नसती, त्यांना रेमो हिंदीतूनच भेटले. गायकानं जन्मभर शिवोलीतच गावं, हा हट्ट श्रोत्याचा. तो समीक्षेचा निकष कसा होईल?

त्या विद्यार्थ्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. कॅसेट मात्र त्याच आठवड्यात आणली. दोन गाणी आवडली. वर्गात सांगितलं नाही.