कृष्णवर्णीय कलावंत आणि पारितोषिकांचा अधिकार

कलेच्या क्षेत्रात पारितोषिक देणे हे वरवर पाहता निखळ रसिकतेचे कृत्य वाटत असले, तरी कोणाची कृती पाहण्यायोग्य मानावी, ती कोणी पाहावी आणि पाहिल्यावर तिचे मोल कोणत्या मापाने ठरवावे, या तिन्ही गोष्टींचा निकाल त्यामागे आधीच लागलेला असतो. आणि हा निकाल देण्याचा अधिकार ज्यांच्या हाती एकवटतो, त्यांची अभिरुचीच कालांतराने कलेची सर्वमान्य कसोटी होऊन बसते. अमेरिकेत चित्रपट व दूरचित्रवाणी या क्षेत्रांतील कृष्णवर्णीय कलावंतांच्या कर्तृत्वाचा गौरव करण्यासाठी जी स्वतंत्र पारितोषिके गेल्या सहा दशकांत उदयास आली, त्यांचा विचार या अधिकाराच्या प्रश्नापासूनच सुरू करावा लागतो. ज्यांना ऑस्कर लाभले नाही त्यांच्या सांत्वनाची ही सोय आहे, असा एक समज रूढ आहे. तो इतिहासाला धरून नाही.

२९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिसच्या अँबॅसिडर हॉटेलातील ‘कोकोनट ग्रोव्ह’ या दालनात ऑस्करचा समारंभ झाला आणि ‘गॉन विथ द विंड’मधील मॅमीच्या भूमिकेबद्दल हॅटी मॅकडॅनियल यांना साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. परंतु त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना प्रवेशच नसल्यामुळे, त्यांना आत येऊ द्यावे म्हणून निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांना रदबदली करावी लागली होती. आणि आत आल्यावरही आपल्या सहकलाकारांच्या पंक्तीला न बसता त्यांना भिंतीलगतच्या वेगळ्या मेजावर बसावे लागले. त्याआधी डिसेंबर १९३९मध्ये याच चित्रपटाचा पहिला खेळ अटलांटा शहरात थाटाने झाला, तेव्हा जॉर्जिया राज्यातील विभक्ततेच्या कायद्यांमुळे त्यांना तेथे उपस्थितही राहता आले नव्हते. साहाय्यक कलाकारांना त्या काळी पुतळ्याऐवजी फलक देण्यात येत असे. मॅकडॅनियल यांनी आपला फलक मृत्युपत्रान्वये हॉवर्ड विद्यापीठाच्या स्वाधीन केला, पुढे तो तेथून गहाळ झाला आणि ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्याच्या बदली दुसरा दिला तो थेट २०२३ साली. गौरव झाला खरा, परंतु तो झाला मोलकरणीच्या भूमिकेचा. आणि कृष्णवर्णीय स्त्रीला अभिनयाचे दुसरे ऑस्कर मिळण्यास, म्हणजे व्हूपी गोल्डबर्ग यांच्या नावाची घोषणा होण्यास, १९९१ साल उजाडावे लागले.

या अन्यायाची दखल घेणारी संस्था समारंभांच्या निमित्ताने जन्मास आलेली नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९०९ साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ या संस्थेने १९१५ साली ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटाविरुद्ध देशभर निषेधाची आघाडी उघडली. कारण कू क्लक्स क्लॅनसारख्या दहशती टोळीला त्या चित्रपटाने तारणहाराचे रूप दिले होते आणि कृष्णवर्णीय पुरुषाला श्वापदाचे. १९४२ साली संस्थेचे चिटणीस वॉल्टर व्हाइट यांनी हॉलिवूडच्या चित्रसंस्थांच्या कारभाऱ्यांशी बोलणी करून नोकर-विदूषकांच्या साचेबंद भूमिकांपलीकडे जाण्याचा आग्रह धरला. आपल्या उपजीविकेवरच हा घाला आहे, असे मॅकडॅनियलप्रभृती कलावंतांना वाटले, आणि त्यांचे दुःखही खोटे नव्हते. जे पात्र लिहिलेच जात नाही ते नट साकारणार कोठून, हा पेच तेव्हापासूनचा आहे. त्याच संस्थेच्या बेव्हर्ली हिल्स-हॉलिवूड शाखेने १९६७ साली ‘इमेज अवॉर्ड्स’ सुरू केली. निषेधाची अर्धशतकी परंपरा असलेल्या संस्थेने आपल्या कार्याला गौरवाची जोड दिली, ती अशी.

या पारितोषिकांच्या इतिहासातील सर्वांत उद्बोधक प्रसंग कोणता, असे कोणी विचारले, तर मी दीपमाळांनी उजळलेल्या रात्रींकडे बोट न दाखवता १९८७ आणि १९९० या दोन सालांकडे दाखवीन. या दोन्ही वर्षी प्रमुख अभिनेत्रीचे इमेज पारितोषिक कोणालाच दिले गेले नाही. त्या वर्षांत कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वाट्याला आलेल्या भरीव भूमिका इतक्या थोड्या होत्या, की नामांकनांची यादी पुरी होईना. संस्थेवर टीकाही पुष्कळ झाली, कारण हाती असलेला सन्मान रोखून धरल्याने अभिनेत्रींचेच नुकसान होते, हा आक्षेप सहज सुचण्यासारखा होता. तथापि त्याच १९९० साली ऑस्करच्या व्यासपीठावर काय घडले, ते यालगत ठेवून पाहावे. एका वृद्ध गौरवर्णीय बाईच्या कृष्णवर्णीय मोटारचालकाची कथा सांगणारा ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. आणि ब्रुकलिनच्या एका गल्लीत उन्हाळ्याच्या एका तप्त दिवशी साचत गेलेला वंशद्वेष निर्भयपणे उलगडणाऱ्या स्पाइक ली यांच्या ‘डू द राइट थिंग’ला त्या विभागात साधे नामांकनही मिळाले नाही. ज्या दरबारात सर्व काही यथास्थित चालले असल्याचा आभास होता, त्याच्याशेजारी रिकामी ठेवलेली ती एक जागा म्हणजे हॉलिवूडच्या जमाखर्चातील तूट दाखवणारा अस्सल दाखला होता. पारितोषिक न देणे हीही समीक्षा असू शकते. आणि ती करण्याचे सामर्थ्य स्वतःची कसोटी बाळगणाऱ्या संस्थेतच असते.

स्वतंत्र पारितोषिकांचे दुसरे मोठे कार्य स्मरणाचे आहे. ऑकलंड येथे १९७४ पासून कृष्णवर्णीय चित्रकर्मींच्या गौरवाचे जे समारंभ होऊ लागले, त्यांतील सन्मानास ऑस्कर मिशो यांचे नाव देण्यात आले. मूकपटांच्या काळात स्वतःच पैसा उभा करून चित्रपट काढणारा आणि स्वतःच ते गावोगावच्या चित्रगृहांपर्यंत पोहोचवणारा हा निर्माता-दिग्दर्शक अमेरिकन चित्रपटाच्या रूढ इतिहासात जवळजवळ पुसला गेला होता. त्यांचा १९२० सालचा ‘विदिन अवर गेट्स’ अनेक दशके हरवलेलाच होता. पुढे त्याची एक प्रत स्पेनमध्ये सापडली आणि तिच्यावरून तो पुन्हा सिद्ध करण्यात आला. वॉशिंग्टनमधून २००० साली सुरू झालेली ‘ब्लॅक रील’ पारितोषिके आणि २००३ साली स्थापन झालेली आफ्रिकन-अमेरिकन चित्रसमीक्षकांची संघटना यांनी या स्मरणकार्याला चालू काळातील परीक्षणाची जोड दिली, हे त्यांचे मोल होय.

दूरचित्रवाणीची कथा थोडी निराळी आहे; कारण हे माध्यम घराघरात शिरणारे असल्याने तेथील प्रत्येक नवी भूमिका अधिक व्यापक परिणाम करी. १९६८ साली ‘जूलिया’ या मालिकेत डायॅन कॅरोल यांनी परिचारिकेची भूमिका केली, तेव्हा मोलकरीण नसलेली कृष्णवर्णीय नायिका दर आठवड्यास दिसणे हीच नवलाई होती. आणि तरीही एमी पारितोषिकांच्या नाट्यमालिका विभागात प्रमुख अभिनेत्रीचा मान कृष्णवर्णीय स्त्रीला प्रथम मिळाला तो २०१५ साली, व्हायोला डेव्हिस यांना. त्या वेळी केलेल्या भाषणात त्यांनी उणीव गुणांची नसून संधीची आहे, हे निक्षून सांगितले. लिहिल्याच न गेलेल्या भूमिकेला पारितोषिक मिळू शकत नाही, हे इमेज पारितोषिकांच्या रिकाम्या जागेने पंचवीस वर्षांपूर्वी सांगितलेले सत्यच त्यांनी एमीच्या व्यासपीठावरून उच्चारले.

आता परिस्थिती पालटली, मग वेगळेपणाची आवश्यकता काय, असा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो. पालट झाला आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. २००२ साली हॅली बेरी आणि डेन्झेल वॉशिंग्टन यांनी एकाच रात्री प्रमुख अभिनयाची दोन्ही ऑस्कर मिळवली. २०१७ साली बॅरी जेन्किन्स यांचा ‘मूनलाइट’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. २०१९ साली रूथ कार्टर आणि हॅना बीचलर यांना ‘ब्लॅक पँथर’च्या वेशभूषा व कलादिग्दर्शनाबद्दल गौरवण्यात आले. परंतु २०१५ आणि २०१६ या लागोपाठच्या वर्षी अभिनयाची वीसच्या वीस नामांकने गौरवर्णीयांना गेली, हेही त्याच काळात घडले. २०१२ साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने केलेल्या पाहणीत अकादमीचे जवळजवळ ९४ टक्के मतदार गोरे आढळले होते. सार्वत्रिक संतापानंतर अकादमीने आपली सदस्यसंख्या व्यापक करण्याचा निर्णय जानेवारी २०१६मध्ये घेतला. म्हणजे औदार्य आपोआप उमलले नाही. बाहेरून सतत तपासणी होत राहिली, म्हणून ते आले.

तथापि या स्वतंत्र पारितोषिकांच्या सद्यःस्थितीविषयी समाधान मानण्यासारखे सारेच आहे, असे म्हणता येत नाही. इमेज पारितोषिकांच्या विभागांची संख्या फुगत फुगत कित्येक डझनांवर गेली आहे; चित्रपट, मालिका, संगीत, ग्रंथ यांची एकच गर्दी होते, आणि त्या गर्दीत जे आधीच ख्यातनाम आहेत त्यांच्यावरच प्रकाशझोत पडतो. या ठिकाणी चार्ल्स बर्नेट यांच्या ‘किलर ऑफ शीप’चे स्मरण करावेसे वाटते. विद्यापीठाचा प्रबंध म्हणून, अत्यल्प पैशात, वॉट्स या वस्तीत चित्रित झालेल्या या चित्रपटात कत्तलखान्यात राबणारा स्टॅन आपल्या सोबत्याबरोबर मोटारीचे जुने इंजिन विकत घेतो. ते जड धूड दोघे कष्टाने जिना उतरवतात, उघड्या गाडीच्या काठावर कसेबसे ठेवतात, गाडी चढावर निघताच ते मागे कोसळते आणि निकामी होते. कोणी आक्रोश करत नाही; त्या काही क्षणांत एका श्रमिकाची सारी मिळकत व उमेद रस्त्यावर पडलेली आपण पाहतो. १९७०च्या दशकातील ही कृती गाण्यांच्या हक्कांच्या अडचणीमुळे चित्रगृहांत रीतसर पोहोचली ती २००७ साली. ज्या कृतीच्या मागे वितरक नाही, जाहिरात नाही, प्रसिद्ध चेहरा नाही, तिला हुडकून काढणे हेच स्वतंत्र पारितोषिकाचे पहिले कर्तव्य होय. ऑस्करच्या याद्यांची पुनरावृत्ती करण्यासाठी निराळी सनद कशाला हवी?

स्वतंत्र व्यासपीठाचा हा प्रश्न मराठी वाचकाला परका वाटू नये. इमेज पारितोषिके देणाऱ्या ‘नॅशनल असोसिएशन’ या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्याशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली पत्रव्यवहार केला होता. आणि १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, तेव्हा वेगळी चूल कशासाठी, हाच आक्षेप आपल्याकडेही घेतला गेला. त्यानंतर मराठी साहित्यात जे लेखन आले, त्याने या आक्षेपाचे उत्तर दिले आहे. स्वतंत्र व्यासपीठाने साहित्य विभागले गेले नाही. साहित्यात काय काय वगळले जात होते, ते उघडकीस आले.

तेव्हा माझा अभिप्राय असा, की ऑस्करच्या दारी कृष्णवर्णीय कलावंतांना कितीही मानाने बोलावले जात असले, तरी या पारितोषिकांचे प्रयोजन संपलेले नाही. मात्र ते टिकवण्याची जबाबदारी देणाऱ्यांवर आहे. विभाग कमी करावेत, अप्रसिद्ध कृतींचा शोध घ्यावा, लेखक-संकलक-छायालेखकांना नटांच्या बरोबरीचे स्थान द्यावे, आणि ज्या वर्षी योग्य कृती आढळणार नाही त्या वर्षी १९८७ व १९९० प्रमाणे पारितोषिक राखून ठेवण्याचे धैर्य दाखवावे. नकार देण्याचा अधिकार जी संस्था गमावते, तिच्या होकाराला किंमत राहत नाही.