उत्पादन खर्चाचे गणित आणि खानदेशातील शेतकरी

शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने रास्त भावाची एककलमी मागणी उत्पादन खर्चाच्या हिशेबावर उभी केली. १९८० च्या कांदा-ऊस आंदोलनात घोषणेमागे आकडा होता, हे तिचे वेगळेपण. १९९० मध्ये जोशी केंद्राच्या कृषी सल्लागार समितीचे अध्यक्ष झाले. हिशेब दिल्लीपर्यंत पोहोचला.

मात्र जळगाव-धुळ्याच्या संदर्भात या मांडणीची मर्यादा जाणवते. कापसाचा हमीभाव सुचविताना केंद्रीय आयोग राज्याराज्यांच्या सरासरी खर्चाचा देशपातळीवर मेळ घालतो. त्या सरासरीत चोपड्याचा बागायती आणि शिंदखेड्याचा कोरडवाहू कापूस एकच ठरतो. तालुक्याचा स्वतंत्र हिशेब हाती नसेल, तर संघटनेने आयोगापुढे मांडायचे काय? रावेर-यावलच्या केळीला तर केंद्राचा हमीभावच नाही. तेथे खरा प्रश्न खर्चाचा नसून भाव कोण व कशावरून ठरवितो, हा आहे. संघटनेने बाजाराचे स्वातंत्र्य मागितले खरे; परंतु आडत, हमाली, तोलाई, वाहतूक यांत शेतकऱ्याच्या रुपयातील किती पैसे जातात, याची मोजणी तिच्या मांडणीत दुय्यमच राहिली. वास्तविक या मोजणीसाठी मोठ्या संस्थेची गरज नाही. मालविक्रीनंतर शेतकऱ्याच्या हाती पडणारी आणि बहुधा खिशातच विरणारी हिशेबपट्टी हेच तिचे मूळ साधन होय.