पुढल्या वर्षाची वाट: ब्रुकलीनच्या एका कन्येचे उन्हाळे

अमेरिकेतील बेसबॉल या खेळाविषयी मराठी वाचकाला विशेष ममत्व वाटावे असे काही कारण नाही. चेंडू, दांडू आणि धावा एवढी ओळख क्रिकेटमुळे पटते. त्यापुढे आपण गोंधळतो. असे असूनही डोरिस कर्न्स गुडविन यांचे 'वेट टिल नेक्स्ट इयर' हे १९९७ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी आत्मकथन आमच्या वाचकांनी मिळवून वाचावे, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. लेखिका इतिहासकार आहेत. रूझवेल्ट दांपत्यावरील ग्रंथासाठी त्यांना १९९५ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि त्यानंतर लगेचच त्यांनी राष्ट्राध्यक्षांचा दरबार सोडून आपल्या लहानपणाच्या अंगणाकडे मोर्चा वळविला. मोठ्या माणसांची चरित्रे लिहिणारी लेखणी लहान गोष्टींपाशी आली की बहुधा अवघडते. येथे तसे घडलेले नाही. निदान पुस्तकाच्या चांगल्या अर्ध्या भागात तरी नाही.

प्रथम त्या काळाविषयी थोडे. १९४७ ते १९५७ या अकरा वर्षांत न्यूयॉर्क हे बेसबॉलचे अनभिषिक्त राजधानीचे शहर होते. एकाच शहरात तीन संघ: ब्रॉन्क्समध्ये यांकीज, मॅनहॅटनमध्ये जायंट्स आणि ब्रुकलीनमध्ये डॉजर्स. या अकरा वर्षांत १९४८ हे एकच वर्ष असे गेले की, अंतिम 'वर्ल्ड सिरीज'मध्ये न्यूयॉर्कचा एकही संघ नव्हता. सात वेळा तर दोन्ही संघ न्यूयॉर्कचेच होते. एप्रिलमध्ये हंगाम सुरू व्हावयाचा आणि ऑक्टोबरपर्यंत चालावयाचा. त्या वेळी प्रत्येक संघ एका हंगामात १५४ सामने खेळत असे. म्हणजे उन्हाळाभर जवळपास रोज सामना. वातानुकूलन यंत्रे घरोघरी आली नव्हती, त्यामुळे खिडक्या उघड्या, माणसे पायऱ्यांवर आणि ओसरीवर, आणि प्रत्येक खिडकीतून रेडिओचा तोच आवाज. रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले तरी खेळातील एकही चेंडू चुकत नसे, असे त्या काळची माणसे सांगत आली आहेत. ट्रान्झिस्टर कानाशी धरून कसोटी सामन्याचे समालोचन ऐकलेल्या आपल्याकडील पिढीला हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की, आपल्याकडे सारा गाव एका बाजूचा असे. तेथे एकाच गल्लीत तीन पक्ष नांदत होते.

डोरिस यांचा जन्म १९४३ साली ब्रुकलीनमध्ये झाला. वाढल्या मात्र त्या लाँग आयलंडवरील रॉकव्हिल सेंटर या उपनगरात. वडील बँकांची तपासणी करणारे सरकारी अधिकारी. लहानपणीच पोरके झालेले, दुःखाचा मोठा वाटा पचवलेले, तरीही स्वभावाने आनंदी. ते दिवसा नोकरीवर आणि सामने दुपारी. सहा वर्षांच्या मुलीच्या हाती त्यांनी लाल रंगाची गुणनोंद वही ठेवली आणि तिला खेळ टिपून ठेवण्याची विद्या शिकविली.

ही विद्या म्हणजे एक लिपीच आहे. मैदानावरील नऊ खेळाडूंना एक ते नऊ असे क्रमांक असतात. पिचर १, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्या बेसवरचा ४, शॉर्टस्टॉप ६. वहीत ६-४-३ असे तीन आकडे मांडले, की शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून दुसऱ्या बेसकडे फेकला, तेथून तो पहिल्या बेसकडे गेला आणि दोन गडी बाद झाले, एवढी हकीकत जाणकाराच्या डोळ्यांपुढे उभी राहते. आपल्याकडे जुनी माणसे रोजकीर्दीच्या पानावरून सारे वर्ष वाचीत, तसेच हे. संध्याकाळी वडील घरी आले की ही छोटी मुलगी वही उघडून सारा सामना पहिल्या चेंडूपासून त्यांना सांगावयाची. आरंभी ती उतावळेपणाने 'आपण जिंकलो' असे पहिल्याच दमात सांगून टाकी. हळूहळू तिला उमगले की, शेवट हातचा राखून ठेवला तर ऐकणारा जागचा हलत नाही. इतिहास सांगण्याचा पहिला धडा आपण असा गिरविला, असे लेखिकेचे म्हणणे आहे, आणि ते आम्हाला पटते.

यातील मर्म पुढे आहे. आपण सांगितले नाही तर वडिलांना सामना कधीच कळणार नाही, अशी त्या मुलीची समजूत होती. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात सगळे आकडे छापून येतात, ही गोष्ट वडिलांनी तिला कधी सांगितलीच नाही. मुलांचे म्हणणे ऐकून घेण्याविषयी पालकांना उपदेश करणारी पुस्तके आम्ही बरीच चाळली आहेत. त्यांतील कोणत्याही पानापेक्षा या बापाचे मौन आम्हास मोलाचे वाटते. आणि लेखिकेने ते उगाळलेले नाही. एका प्रसंगात सांगून त्या पुढे गेल्या आहेत.

पुस्तकाचे दुसरे वैभव म्हणजे कॅथलिक बालपणाचे चित्रण. येथे आमचे वाचक पानोपानी थबकतील. संत आग्नेसच्या धर्मग्रामातील ही मुलगी पहिल्या पापकबुलीची, आपल्या भाषेत पहिल्या कुमसाराची, तयारी करते तेव्हा तिच्या खाती दोन मोठी पापे जमा असतात. पहिले असे की, डॉजर्सचा झेलकरी रॉय कॅम्पनेला याचे भाषण ऐकण्यासाठी ती गावातील दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये गेली होती. आजच्या तरुण वाचकास हे पाप चमत्कारिक वाटेल. पण दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेपूर्वी, म्हणजे १९६२ च्या अगोदर, कॅथलिक मुलांच्या मनात ही धास्ती किती खोल होती हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. दुसरे पाप अधिक गंभीर. ती विरुद्ध संघांतील खेळाडूंचे वाईट चिंतीत होती. अमक्याचा हात मोडावा, तमक्याचा पाय मुरगळावा, असे तिने मनोमन मागितले होते.

जाळीपलीकडील धर्मगुरू हसतात, पण तिला हसण्यावारी नेत नाहीत. तेही डॉजर्सचेच चाहते निघतात. दुसऱ्याच्या दुखापतीतून आलेला विजय तुझ्या खेळाडूंना तरी गोड लागेल काय, अशा आशयाचा प्रश्न ते तिला विचारतात, आणि प्रायश्चित्त म्हणून नेहमीच्या प्रार्थनांबरोबर डॉजर्ससाठीही एक प्रार्थना करावयास सांगतात. प्रसंग विनोदी आहे. पण मुलाच्या सदसद्विवेकाला मोठ्यांनी किती गंभीरपणे घ्यावे, याचा तो वस्तुपाठ आहे. शिवाय एक अवघड प्रश्न या पानांतून आपोआप उभा राहतो. शेजारची जिवलग मैत्रीण यांकीजची भक्त. तीही प्रार्थना करणार. मग देवाने कोणाचे ऐकावे? लेखिका या प्रश्नाला तात्त्विक उत्तर देत नाहीत, हे त्यांचे शहाणपण. कोपऱ्यावरील मटणाच्या दुकानातील दोघे मालक जायंट्सचे चाहते होते. ३ ऑक्टोबर १९५१ रोजी जायंट्सच्या बॉबी थॉमसनने अखेरच्या क्षणी होमरन मारून डॉजर्सच्या तोंडचा घास काढून घेतला, तेव्हा ही मुलगी त्या दुकानाकडे फिरकेनाशी झाली. दुकानदारांनी फुले धाडून तिला परत बोलाविले. देवाने कोणाचे ऐकले ते ठाऊक नाही. माणसांनी एकमेकांचे ऐकले एवढे दिसते.

तिसरा प्रसंग गिल हॉजेसचा. हा सज्जन कॅथलिक खेळाडू १९५२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये २१ वेळा दांडू घेऊन उभा राहिला आणि एकदाही त्याला हिट मिळाली नाही. पुढील वर्षाच्या वसंतातही त्याचा सूर सापडेना. पण ब्रुकलीनच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली नाही. संत फ्रान्सिस झेवियर चर्चचे धर्मगुरू फादर हर्बर्ट रेडमंड यांनी मे १९५३ मधील एका उकाड्याच्या रविवारी प्रवचनाला फाटा दिला. घरी जा, आज्ञा पाळा आणि हॉजेससाठी प्रार्थना करा, एवढेच सांगून त्यांनी लोकांना निरोप दिला, ही गोष्ट बेसबॉलच्या इतिहासात नोंदली गेली आहे. (ज्या संताचा देह आमच्या जुन्या गोव्यात आहे, त्याच्या नावाच्या चर्चमध्ये हे घडावे याची आम्हाला गंमत वाटते.) आमच्या कथेतील मुलीने तर पोपमहोदयांनी आशीर्वादित केलेले, धर्मशिक्षणाच्या स्पर्धेत मिळविलेले संत ख्रिस्तोफरचे पदकच हॉजेसला देऊन टाकले. असेच एक पदक आपण कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या वडिलांना दिले होते, असे सांगून त्याने ते नम्रतेने स्वीकारले. त्या वर्षी हॉजेसने ३१ होमरन मारले. कार्यकारणभाव ज्याचा त्याने ठरवावा. लेखिकेने तो ठरविलेला नाही.

आता उणिवांकडे वळू. इतिहासकार गुडविनबाई अधूनमधून मुलीच्या हातातून लेखणी काढून घेतात. रोझेनबर्ग खटला, लिटल रॉकमधील वंशभेदाचा संघर्ष ही प्रकरणे महत्त्वाची खरी, परंतु काही ठिकाणी ती पाठ्यपुस्तकातून कापून चिकटविल्यासारखी भासतात. गल्लीतील मुले सिनेटर मॅकार्थींच्या चौकशीची नक्कल करीत एकमेकांवर आरोपांचा खेळ खेळू लागतात, तेवढा भाग मात्र जिवंत उतरला आहे, कारण तेथे इतिहास मुलांच्या उंचीवरून दिसतो. शिवाय गल्लीतील सर्व शेजारी जरा अधिकच गोड आहेत. गोडवा खरा असेलही. पण इतक्या वर्षांत एकाही कुंपणावरून भांडण झाले नसेल, हे आमच्यासारख्या वाड्यांतून वाढलेल्यांस पचत नाही.

याहून मोठा आक्षेप शेवटाविषयी आहे. पाच वेळा, १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ मध्ये, यांकीजकडून हरल्यावर ४ ऑक्टोबर १९५५ रोजी डॉजर्सनी त्यांना सातव्या सामन्यात २-० असे नमविले. नुकतीच तेवीस वर्षे पूर्ण केलेला जॉनी पॉड्रेस पिचर होता, आणि दोन्ही धावा हॉजेसच्या दांडूमुळे आल्या. दरसाल 'पुढल्या वर्षी पाहू' म्हणणाऱ्या ब्रुकलीनचे पुढले वर्ष एकदाचे उजाडले. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९५७ मध्ये, मालक वॉल्टर ओमॅली यांनी संघ लॉस एंजेलिसला हलविण्याचे जाहीर केले. २४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवर शेवटचा सामना झाला होता. १९६० साली ते मैदान पाडण्यास सुरुवात झाली आणि त्या जागी राहत्या इमारती उभ्या राहिल्या. ब्रुकलीनकरांच्या दृष्टीने ओमॅली खलनायक ठरले, आणि या पुस्तकातील मुलीचा संतापही त्याच जातीचा आहे.

मालकाने निष्ठेचा सौदा केला हे खरेच. शहराच्या अधिकाऱ्यांनी हवी ती जागा दिली नाही, हेही खरे. पण हिशेबाची दुसरी बाजू पाहा. १९४७ साली, जॅकी रॉबिन्सनच्या पहिल्या हंगामात, एबेट्स फील्डवर अठरा लाखांवर प्रेक्षक आले. १९५५ साली, ज्या वर्षी संघ विश्वविजेता झाला त्याच वर्षी, ते दहा लाखांच्या थोडे वर उरले. मैदानाभोवती जेमतेम ७०० मोटारींची सोय होती, आणि चाहते तर मोटारी घेऊन उपनगरांत राहावयास गेले होते. दूरदर्शन संचही घरोघर पोहोचले होते. म्हणजे संघाने ब्रुकलीन सोडण्यापूर्वी ब्रुकलीनच्या पुष्कळ माणसांनीच ब्रुकलीन सोडले होते, आणि त्यांत हे कर्न्स कुटुंब होते. लेखिकेने उपनगराच्या ओढीविषयी लिहिले आहे, पण हे दोन धागे एकत्र बांधून स्वतःच्या घरापाशी आणण्याचे धैर्य त्यांनी पुरते दाखविले नाही, असे आमचे मत आहे. इतक्या प्रामाणिक पापकबुलीने ज्या पुस्तकाचा पाया घातला, त्यात ही एक कबुली अर्धी राहावी याची आम्हास हळहळ वाटते.

या बाबतीत रॉजर कान यांचे 'द बॉइज ऑफ समर' (१९७२) हे याच संघावरील पुस्तक अधिक कठोर आहे. कान १९५२ आणि १९५३ मध्ये डॉजर्सबरोबर फिरणारे वार्ताहर होते. पुढे अनेक वर्षांनी ते त्याच खेळाडूंच्या दारी गेले. कोणी मद्यालयात ग्लास भरीत होता, कोणी टपालखात्यात होता, कार्ल फुरिलो तर न्यूयॉर्कमध्ये उभ्या राहत असलेल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये लिफ्ट बसवीत होता. कार्ल अर्स्किन आपल्या डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या संगोपनात गढला होता. उन्हाळा संपल्यावर माणसे काय करतात, हे कान यांना पाहावयाचे होते. गुडविन यांना उन्हाळा संपला कसा, हे सांगावयाचे आहे. दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचल्यास परस्परांस पूरक ठरतील.

तरीही गुडविन यांच्या अखेरच्या प्रकरणांत जी शोककळा आहे ती उसनी नाही. जानेवारी १९५८ मध्ये मोटार अपघातात कॅम्पनेला कायमचा अपंग झाला. त्याच हिवाळ्यात, मुलगी पंधरा वर्षांची असताना, तिची सदैव आजारी पण पुस्तकांत रमणारी आई वारली. रेडिओपाशी वही घेऊन बसणारे ते घर नंतर वडिलांनी विकले. संघ, आई, घर ही तीन नावे लेखिकेने एकाच ओळीत मांडलेली नाहीत. पण वाचक ती आपणहून मांडतो. पुढे हार्वर्डमध्ये शिकताना त्या बॉस्टनच्या रेड सॉक्सच्या चाहत्या झाल्या, आणि आपल्या मुलांना मैदानावर नेऊन त्यांनी न पाहिलेल्या आजोबांच्या गोष्टी सांगू लागल्या. रेड सॉक्स हाही तेव्हा १९१८ पासून ताटकळलेला संघ. त्याचे पुढले वर्ष २००४ साली उजाडले, पुस्तक निघाल्यावर सात वर्षांनी.

भाषा सोपी आहे. दहावी-बारावीतील मुलांनाही ती जड जाऊ नये. खेळाचे नियम न समजल्यास ती पाने ओलांडून जावे, काही बिघडत नाही. मात्र प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गास शिकविणाऱ्या भगिनींनी आणि शिक्षकांनी पापकबुलीचे प्रकरण मराठीत सांगून पाहावे. मुले हसतील, आणि मग आपापल्या संघांविषयी काहीतरी बोलू लागतील.