दुसरे कुलूप कोणासाठी?

इंटरनेट कंपन्या खात्यात शिरण्याचे नियम वारंवार का बदलतात, हा प्रश्न अकोला-अमरावतीच्या शिक्षकांनाही पडतो. पहिले कारण खरेच आहे, ते म्हणजे चोरी. २००९ मध्ये ‘रॉकयू’ कंपनीकडचे सुमारे ३.२ कोटी पासवर्ड फुटले. त्यांत सर्वाधिक आढळलेला पासवर्ड होता १२३४५६! शिवाय अनेक जण एकच पासवर्ड सगळीकडे वापरतात. म्हणून मोबाइलचे दुसरे कुलूप आले. गूगलने २०२१ मध्ये ते १५ कोटींहून अधिक लोकांच्या खात्यांना आपणहून लावले. त्यांतील घुसखोरी निम्म्याने घटली, असे कंपनी सांगते.

पण प्रत्येक बदल सुरक्षेसाठीच असतो, हे आम्हाला मान्य नाही. सुरक्षेच्या नावाने घेतलेले फोन क्रमांक ट्विटरने जाहिरातींसाठी वापरले. त्याबद्दल २०२२ मध्ये अमेरिकेत तिला १५ कोटी डॉलर दंड झाला. २०२३ मध्ये तिनेच एसएमएसचे कुलूप फक्त पैसे भरणाऱ्यांपुरते ठेवले.

मेळघाटातल्या एखाद्या शाळेत वायफाय असले, तरी मोबाइलला रेंज नसेल तर एसएमएस येणार कसा? विज्ञानाने याचे उत्तर दिले आहे. ऑथेंटिकेटर अॅप फोनमध्ये साठवलेली गुप्त किल्ली आणि घड्याळातली वेळ यांवरून साधारणपणे दर ३० सेकंदांनी नवे अंक काढते. त्याला रेंज लागत नाही. हा पर्याय न देता केवळ फोन क्रमांकच मागणारा नियम आम्ही अपुरा मानतो. नियम बदलला, की विद्यार्थ्यांना एवढेच विचारायला शिकवावे: यात राखण कोणाची होते आणि भार कोणावर पडतो?